चार दिवस, ऐंशी किलोमीटर: लहान मुलीसोबतच्या सायकल-सहलीचा आराखडा

नाशिकमध्ये सायकलबद्दल बोलायचं तर जरा जपूनच बोलावं लागतं. २०१५ मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही साधारण ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. दरवर्षी आषाढीच्या आधी इथून पंढरपूरला सायकलवारी निघते आणि तीनशेहून जास्त किलोमीटर तीनेक दिवसांत कापते. अशा गावात ‘आम्ही चार दिवसांत ऐंशी किलोमीटर जाणार आहोत’ असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. मग विचारतो, ‘चालत का?’

नाही, सायकलनेच. फक्त सोबत साडेचार वर्षांची मुलगी आहे.

माझी पीएचडी शेतीच्या पाण्यावर आहे, सायकलवर नाही. तरी हा विषय इथे घेतेय, कारण तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत आणि पहिला संशोधन आराखडा लिहिताहेत, त्यांचे जे काही मसुदे माझ्या वाचनात येतात त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रश्न चांगला असतो, वाचनही बऱ्यापैकी झालेलं असतं, पण मोजायला घेतलेली गोष्ट भलतीच असते. जी सहज मोजता येते ती मोजली जाते आणि जिच्यावर सगळं अडतं ती राहून जाते. सहलीच्या नियोजनात नेमकं हेच होतं. शिवाय इथे चूक झाली तर मार्क कापले जात नाहीत, पोर आजारी पडतं. त्यामुळे विचार जरा नीट होतो.

आधी प्रश्न

‘लहान मुलाला घेऊन सायकलवर लांब जाता येतं का?’ हा संशोधन प्रश्न नाही. त्याचं उत्तर ‘येतं’ असंही आहे आणि ‘नाही’ असंही. किती लहान? किती लांब? कुठल्या रस्त्याने, कुठल्या महिन्यात, मूल कशात बसणार? हे सगळं घातलं की प्रश्न लांबलचक होतो, दिसायलाही वाईट दिसतो, पण त्याला उत्तर देता येतं. आमचा प्रश्न शेवटी असा झाला: साडेचार वर्षांची, साधारण १६ किलो वजनाची मुलगी मागच्या सीटवर बसून, डिसेंबरात, नाशिकहून नांदूर मध्यमेश्वरला जाऊन परत येऊ शकेल का, आणि तिची झोप, जेवण, तब्येत न बिघडता येण्यासाठी किती दिवस लागतील?

यात दिवसांची संख्या आम्ही आधी ठरवली नाही, ती उत्तरातून काढायची होती. बहुतेक लोक उलट करतात. शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी आली, म्हणजे तीन दिवस. आता त्यात कुठे बसतं ते बघू. आराखड्यातही हेच होतं, ‘सहा महिन्यांत होईल असा विषय द्या’.

नांदूर मध्यमेश्वर का, हेही सांगते. त्र्यंबकेश्वर जवळ आहे, तीसेक किलोमीटर, पण ते नाशिकपेक्षा शंभराहून अधिक मीटर उंच, रस्त्यावर भाविकांच्या गाड्या, आणि आता सिंहस्थाच्या तयारीची कामं. पौषात तर निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्याही त्याच रस्त्याला असतात. वणीची सप्तशृंगी म्हणजे घाट. इगतपुरीकडे जायचं तर मुंबई-आग्रा महामार्ग. पूर्वेला मात्र गोदावरी ज्या बाजूला वाहते तिकडे जमीन हलकेच उतरत जाते, निफाड तालुक्यात गोदा आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा आहे, आणि त्या पाणथळीवर हिवाळ्यात पक्षी येतात. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ. २०२०च्या जानेवारीत ते जाहीर झालं. साडेचार वर्षांच्या माणसाला ‘रामसर’चं काही पडलेलं नसतं, पण बदकं दिसणार म्हटल्यावर ती तयार झाली.

चढाचा मुद्दा किती गंभीर आहे, ते हिशेबाने बघू. (हिशेब आवडत नसेल तर हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पेट देणार असाल तर सोडू नका.) सरावाचा, पण खेळाडू नसलेला माणूस तासभर साधारण १०० वॉट ताकद लावू शकतो असं धरा. एकटा चालवणारा आणि सायकल मिळून ७८ किलो. त्यात मूल, सीट, पाणी, थोडं सामान घातलं की १०५. पाच टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर, गुरुत्वाकर्षणाचा ओढा आणि टायरचं घर्षण मिळून ७८ किलोला साधारण ४५ न्यूटन जोर लागतो, १०५ किलोला ६०. ताकदीला जोराने भागलं की वेग: पहिल्याला ताशी ८ किलोमीटर, दुसऱ्याला ६. फरक फक्त दोनचा वाटतो. पण ताशी ६ला सायकल डगमगायला लागते, आणि डगमगणारं वजन या वेळी कॅरिअरवर, कमरेच्याही वर बसलेलं आहे. म्हणजे चढाचा खरा धोका दमण्याचा नाही, तोल जाण्याचा आहे.

किलोमीटर विसरा

शेती शिकलेल्यांना लीबिगचा किमान घटकाचा नियम माहीत असतो. पिकाला जो घटक सगळ्यात कमी पडतो, त्यावर उत्पन्न ठरतं. बाकीचे कितीही घाला. सहलीत हा घटक कोणता? माझे पाय? नाहीत. मी आणि नवरा दिवसाला साठ किलोमीटर आरामात करू. रस्ता? तोही नाही. कमी पडणारी गोष्ट आहे मुलीचा जागेपणीचा, पोट भरलेला, उबदार आणि कंटाळा न आलेला वेळ. दिवसातून तो किती मिळतो, त्यावर सगळं ठरणार.

म्हणून आमच्या वहीत एकक किलोमीटर नाही, ‘बैठक’ आहे. एक बैठक म्हणजे मुलगी सीटवर बसल्यापासून तिने ‘अजून किती राहिलं?’ हे दुसऱ्यांदा विचारेपर्यंतचा वेळ. पहिल्यांदा विचारणं हे कुतूहल असतं, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे कंटाळा. हसू नका, यालाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात. ‘कंटाळा’ मोजता येत नाही, दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न मोजता येतो. तुमच्या आराखड्यात ‘शेतकऱ्यांची जागरूकता’ किंवा ‘विद्यार्थ्यांची रुची’ असे शब्द असतील, तर त्याच्यापुढे असंच एक वाक्य हवं: म्हणजे नेमकं काय दिसलं की मी ‘रुची आहे’ असं लिहिणार?

वाचलेल्या अभ्यासांचं काय करायचं

मूल मागच्या सीटवर बसवावं की सायकलला जोडायच्या ट्रेलरमध्ये? यावर वाचायला गेलं की पॉवेल आणि टान्झ यांचा २००० सालचा एक छोटासा अमेरिकी अभ्यास सापडतो. त्यांनी तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतल्या नोंदी पाहिल्या. ट्रेलरशी निगडित दुखापती सीटच्या तुलनेत बऱ्याच कमी निघाल्या. झालं, इंटरनेटवरच्या निम्म्या सल्ल्यांनी ‘ट्रेलर सुरक्षित’ असं लिहून टाकलं.

पण जरा थांबा. हा अंश झाला, छेद कुठे आहे? त्या काळात किती मुलं सीटवर बसत होती आणि किती ट्रेलरमध्ये, किती तास, कुठल्या रस्त्यावर? रुग्णालयात आलेल्यांची मोजणी होते, घरी सुखरूप परतलेल्यांची होत नाही. सीट वापरणारे दहापट असतील तर दहापट दुखापती येणारच. छेदाशिवायचा आकडा वाचायची सवय एकदा लागली की ती जात नाही, म्हणून आत्ताच लावून घेऊ नका.

दुसरा प्रश्न बाह्य वैधतेचा. अमेरिकेतल्या उपनगरातला ट्रेलर आणि चांदोरीच्या रस्त्यावरचा ट्रेलर ही एकच वस्तू नाही. डिसेंबरात निफाड तालुक्यात गळिताचा हंगाम असतो, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ता भरून चालतात, लासलगाव-पिंपळगावच्या बाजारांकडे कांद्याचे पिकअप पळत असतात. ट्रेलर सायकलपेक्षा रुंद आणि फार बुटका. उंच ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला समोरची सायकल दिसते. तिच्या मागे जमिनीलगत चाललेलं पोर दिसेल याची खात्री मी देऊ शकत नाही. शिवाय धूर आणि धूळ दोन्ही खालच्या अंगाला जास्त. म्हणून हाती आलेला पुरावा ट्रेलरच्या बाजूने झुकत असूनही आम्ही सीट निवडली. पुरावा खोटा नाही, तो आमच्या रस्त्याचा नाही, इतकंच. तुमचा रस्ता सायकलींसाठी राखीव असेल तर उत्तर उलटं येईल, यायलाच हवं.

सीट घेतली म्हणजे तिचे धोके पदरात आले. त्यातला एक तर परदेशी सल्ल्यांमध्ये फारसा दिसत नाही आणि आपल्याकडच्या हाडांच्या डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे: चाकाच्या तारांमध्ये अडकलेला पाय. डंड्यावर किंवा कॅरिअरवर बसलेल्या मुलाची टाच आत जाते. त्यामुळे पाय ठेवायला खोलगट जागा आणि वरून पट्टा असलेलीच सीट, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी. स्कूटरला साडीगार्ड लागतो हे आपल्याला पाठ आहे. सायकलला कुणी लावत नाही. दुसरं, सायकल स्टँडवर उभी करून मुलाला सीटवर सोडायचं नाही, एक मिनिटही नाही. आणि हेल्मेट. केस-कंट्रोल पद्धतीच्या अभ्यासांचा जो कोक्रेन आढावा आहे, त्यात हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीची शक्यता ६३ ते ८८ टक्क्यांनी घटते असा निष्कर्ष आहे. आकड्याच्या नेमकेपणावर नंतरही वाद झाले, दिशेवर फारसे नाहीत. मोटरसायकलवरच्या लहान मुलांसाठी आपल्याकडे २०२२ मध्ये पट्टा आणि हेल्मेटचा नियम आला. सायकलवरच्या मुलांचा त्यात विचार नाही. नियम नाही म्हणून धोका नाही, असं थोडंच असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र सायकलवर नेऊच नये, कारण त्याच्या मानेला हेल्मेटचं वजनच पेलत नाही. यावर कुठेच दुमत दिसलं नाही.

सासूबाईंचा आक्षेप

आमच्या आराखड्याचं सगळ्यात कडक परीक्षण घरातच झालं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘पोरगी गारठली तर तुला कळणार कसं? तू तर घामाघूम असशील.’

त्यांनी शरीरक्रियाशास्त्राचं पुस्तक वाचलेलं नाही, पण प्रश्न तिथलाच आहे. पेडलवर १०० वॉट पोचवायला शरीर साधारण ४०० ते ५०० वॉट ऊर्जा खर्च करतं. उरलेली सगळी उष्णता होते. मागे स्वस्थ बसलेलं १६ किलोचं मूल साधारण ४५ वॉट निर्माण करतं. वर लहान शरीराचं पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त, म्हणजे उष्णता बाहेर पडायला दारं जास्त. एकाच हवेत, एकाच वाऱ्यात, एकाच सायकलवर दोन वेगळे ऋतू चाललेले असतात. चालवणाऱ्याचं अंग हा मुलाचा थर्मामीटर नाही. आणि निफाड तालुका म्हणजे जिल्ह्यातली थंडीची राजधानी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान दर हिवाळ्यात पेपरात येतं आणि काही वर्षी ते ५ अंशांच्याही खाली जातं. द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात तो हा प्रदेश.

यातून तीन गोष्टी बदलल्या. सकाळी लवकर निघून ऊन चढायच्या आत पोचायचं हा मोठ्यांच्या सायकलिंगचा पहिला नियम आम्ही सोडून दिला. निघायचं नऊनंतर, ऊन अंगाला लागायला लागल्यावर. चालवणाऱ्यापेक्षा मुलीच्या अंगावर दोन थर जास्त, त्यातला बाहेरचा वारा अडवणारा. आणि दर वीस मिनिटांनी थांबून मानेमागून कपड्यांच्या आत हात घालून बघायचं. हाताचे तळवे बघून काही कळत नाही, ते तसेही गारच असतात. पाठ-मान गार लागली, मूल कुडकुडायला लागलं, किंवा उगाच गप्प झालं, तर बैठक संपली. गप्प मूल म्हणजे खूश मूल असं आपण धरून चालतो. थंडीत ते धरायचं नाही.

उन्हाबद्दल वाचताना मात्र एक गंमत सापडली, ती तुमच्या कामाची आहे. लहान मुलांना व्यायामाच्या वेळी ऊन सोसत नाही, त्यांची शरीरं मोठ्यांइतकी जुळवून घेऊ शकत नाहीत, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं २००० सालचं धोरण-निवेदन सांगत होतं. २०११ मध्ये त्याच अकादमीने नवं निवेदन काढलं: पुरेसं पाणी मिळालं तर व्यायाम करणारी मुलं या बाबतीत मोठ्यांपेक्षा फारशी कमी पडत नाहीत. अकरा वर्षांत मत बदललं, कारण मधल्या काळात नवे प्रयोग झाले. आता बघा, तुम्ही फक्त जुनं निवेदन वाचलं तर एक निष्कर्ष, फक्त नवं वाचलं तर दुसरा. आणि दोन्ही वाचली तरी तुमचा प्रश्न सुटत नाहीच. ती निवेदनं खेळणाऱ्या-पळणाऱ्या मुलांबद्दल आणि किशोरांबद्दल आहेत. आमची मुलगी पळणार नाही, बसून राहणार आहे, हेल्मेट आणि पट्ट्यात बांधलेली. म्हणून आम्ही दुपारी साडेबारा ते तीन सायकल बंद ठेवली. याला संदर्भ देता येणार नाही. हा सावधपणा आहे, आणि आराखड्यात तो सावधपणा म्हणूनच लिहायचा असतो, कुणाचं तरी नाव चिकटवून नाही.

पथदर्शी फेऱ्या

कागदावर इतकं झाल्यावर मोजमाप. घराजवळ, गंगापूर रोडच्या बाजूला, रविवारच्या फेऱ्या. वहीत पाच रकाने: तारीख, निघायची वेळ, तापमान, बैठक किती मिनिटांची, ती का संपली. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. ‘शू’, ‘भूक’, ‘हेल्मेटचा पट्टा टोचला’, ‘कुत्रं बघायचं होतं’. यातली निम्मी कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात. पट्ट्याखाली मऊ कापड लावलं की पुढची बैठक आपोआप लांबते.

नोंद दोघांनी वेगवेगळी करायची, एकमेकांना न दाखवता. जो पेडल मारतो त्याला मागचं कमी ऐकू येतं आणि त्याला पुढे जायची घाई असते, त्यामुळे त्याच्या वहीत बैठका हमखास लांब निघतात. मागून दुसऱ्या सायकलवर येणाऱ्याची वही जास्त विश्वासाची. पहिल्या एक-दोन फेऱ्या तर हिशेबात धरूच नका, तेव्हा सगळं नवीन असतं आणि मूल तासभरही बसतं.

समजा पाच फेऱ्यांत बैठका ४५, ५०, २०, ५५ आणि ४० मिनिटांच्या निघाल्या. सरासरी ४२. आता मार्ग ४२ मिनिटांवर आखायचा? इथेच बहुतेकांचं चुकतं. ज्या दिवशी २० मिनिटांनी संपेल, त्या दिवशी तुम्ही ऊसाच्या दोन शेतांच्या मधे, सावली नाही, पाणी नाही अशा जागी उभे असाल. सरासरी ही एकूण अंतराचा अंदाज बांधायला ठीक. थांबायच्या जागा मात्र सगळ्यात लहान आकड्यावर ठरवायच्या. म्हणजे रस्ता कुठूनही बघा, वीस मिनिटांच्या आत बसता येईल असं काहीतरी हवं: देऊळ, शाळा, चहाची टपरी, एसटीचा थांबा. ते नसेल तर तो रस्ता बाद. याच कसोटीवर आमचे आतले दोन आडमार्ग बाद झाले, दिसायला फार सुंदर असूनही.

एका गोष्टीसाठी रविवारच्या सुट्या फेऱ्या पुरत नाहीत. दुसऱ्या दिवसाचं मूल पहिल्या दिवसाच्या मुलापेक्षा वेगळं असतं. रात्रीची परकी जागा, अर्धवट झोप, बसून दुखणारं अंग. आकडेवारीच्या भाषेत, या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. म्हणून एक मुक्कामी फेरी आधी करायचीच. जवळच्या नातेवाइकांकडे, पंधरा किलोमीटरच्या आत, एक रात्र. तिथून परत येताना जे दिसतं तेच खरं.

आता चार दिवस कुठून आले ते कळेल. रस्त्याची अवस्था, गतिरोधक, ट्रॉलीला वाट द्यायला उतरणं हे सगळं धरून ताशी ११ किलोमीटर. ४० मिनिटांच्या बैठकीत साधारण ७. सकाळी दोन बैठका, तीननंतर एक किंवा दीड, आणि साडेपाचच्या आत मुक्कामाला. अंधारात रस्त्यावर राहायचंच नाही, कारण किती तरी ट्रॉल्यांना मागे लाल कापडसुद्धा नसतं. म्हणजे दिवसाला फार तर २५ किलोमीटर. पहिला दिवस माडसांगवी, ओढा करत चांदोरी-सायखेड्यापर्यंत, सुमारे २५. दुसरा दिवस करंजगावच्या बाजूने चापडगाव, पंधराएक; मुद्दाम छोटा, कारण पहिल्या रात्रीनंतरचा दिवस हा, आणि संध्याकाळी पक्षी बघायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाण्यावर, मग सायखेडा. चौथ्या दिवशी घर. एकूण ऐंशी. मुक्कामाच्या जागा आधी फोन करून पक्क्या करायच्या, आणि गरम पाणी मिळेल का हे पहिल्यांदा विचारायचं, भाडं नंतर.

रस्त्याबद्दल एक: चांदोरीपर्यंतचा हमरस्ता मला आवडत नाही, तिथे वाहतूक आहे. पण थांबायच्या जागा तिथेच आहेत. म्हणून तो भाग रविवारी सकाळी, बाजार बंद असताना करायचा. नवरा मागे, थोडा उजवीकडे, भडक जाकीट घालून.

‘नको’ म्हणायचा हक्क

माणसांवर संशोधन करणार असाल तर नीतिशास्त्र समितीसमोर जावं लागेल. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेवा. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते, आणि सात वर्षांपासून पुढे मुलाचा स्वतःचा होकारही. साडेचार वर्षांच्या मुलीचा होकार कागदावर लागत नाही. पण तिचा नकार ऐकायला वय लागत नाही. ती सायकलवर बसायलाच तयार नसेल, सलग दोन वेळा, तर सहल संपली. समजावणं नाही, चॉकलेट नाही. चॉकलेट देऊन मिळवलेला होकार नोंदीतही धरू नये.

थांबायचे असे नियम निघायच्या आधी लिहून ठेवायचे असतात. रस्त्यात ठरवायला गेलं की ‘आता एवढं आलोच आहोत तर’ हे वाक्य येतं, आणि सगळे चांगले आराखडे या वाक्यावर बुडतात. आमच्या कागदावर आहेत ते असे: ताप आला किंवा दोनदा उलटी झाली, रात्री दोनदा रडत उठली, सकाळी नऊला तापमान १२ अंशांच्या खाली, ढगाळ हवा आणि पाऊस, किंवा आम्हा दोघांपैकी एकाला रस्ता नकोसा वाटला. शेवटच्या नियमाला कारण द्यावं लागत नाही. मुलगी सीटवर झोपली तर सहल संपत नाही, पण सायकल थांबते. मान लटकते आणि हेल्मेट तिला आणखी पुढे ओढतं.

परतीची सोयही कागदावरच. मुंबई-मनमाड लोहमार्ग जवळून जातो. ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड ही स्थानकं त्याच पट्ट्यात आहेत, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, आणि दोन सायकली घेऊन चढणं म्हणजे वेगळाच प्रबंध. त्यामुळे भरवसा ओळखीच्या पिकअपवर. सरकारी रुग्णालय निफाडला, रुग्णवाहिकेला १०८.

या कागदाच्या दोन प्रती. एक हँडलबारच्या पिशवीत, दुसरी सासूबाईंकडे. दुपारी दोन आणि संध्याकाळी सहाला आम्ही त्यांना फोन करायचा. त्यांनी मुलीशी थेट बोलायचं, आमच्याशी नाही. आवाजावरून त्यांना काही खटकलं तर सहल थांबवायचा अधिकार त्यांचा, आणि आम्ही वाद घालायचा नाही, असं त्यांनी आमच्याकडून लिहूनच घेतलंय. सहाचा फोन साडेसहापर्यंत आला नाही तर त्या थेट पिकअपवाल्याला लावणार आहेत. त्याचा नंबर त्यांच्या प्रतीवर सगळ्यात वर आहे, त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.